गादीसकट उंची

११ जानेवारी, रविवार

सोमेश्वर सरांनी शिवांजलीला ही वही दिली. म्हणले, रोज काय सराव केला ते लिही, मनात आलं तेही लिही. पोरीनं चार दिवस लिहिलं. मी म्हणलं, वाचून दाखव. तिनं वाचलं, ‘आज सराव केला.’ पुढं, ‘आजपण सराव केला.’ त्याच्या पुढं, ‘कालच्यासारखंच.’ मी म्हणलं, ही वही हाय का शटरवरची पाटी? आण इकडं. म्हणजे ठेव तुझ्याकडंच, मला कुठं लिहिता येतंय. मी सांगते, तू लिही.

तर मी नीलम्मा. सिरसाळ्यात बाजाराच्या रस्त्याला आमचं किराणा दुकान हाय. अक्षर एक येत न्हाई, पण पायरीवरची चप्पल बघून गिऱ्हाईक काय मागणार ते कळतं. शिवांजली माझ्या रुद्रेशची लेक, एकोणीस वर्षांची. लहानपणी शाळेचा ऑटो उलटला, पाठीला मार बसला. तवापासून पाय हायेत, पण ऐकत न्हाईत. न ऐकणारे आमच्या घरात आणखी हायेत, त्यांना मात्र कुणी चाकाची खुर्ची देत न्हाई.

आता ही गोळा फेकते. बसून. सर परळीच्या कॉलेजात खेळ शिकवतात, त्यांनीच हिला हे खूळ लावलं. आज दुकानामागं प्लास्टिकची खुर्ची लिंबाला चऱ्हाटानं बांधली. हिनं जोर लावून फेकलं. दगड गेला पुढं, खुर्ची गेली मागं, पोरगी चऱ्हाटाला लटकली. सर धावले. मी न्हाई धावले. ती हसत होती.

‘लटकली’ असंच लिही, शिवे. ‘तोल गेला’ नको.

१५ जानेवारी, गुरुवार

आतापर्यंत सरावाला दगड होता. आज सरांनी खरा गोळा आणला. तीन किलोचा, म्हणले. दुकानात कुणी किलो म्हणलं की आमचा हात काट्याकडंच जातो. ठेवला. बरोब्बर तीन, पुढं नुसती शून्यं.

मी म्हणलं, “वरताळा कुठं हाय?”

सरांना वरताळा माहीत न्हाई. परळीला राहतात बिचारे. आमच्या दुकानात डाळ घ्या, गूळ घ्या, माप पुरं झालं की वर चार दाणे पडतातच. माझे मालक शिवलिंगप्पा लिंगैक्य झाले त्याला बरीच वर्षं झाली, पण गल्ल्यावर रुद्रेश असो की मी, हात तसाच चालतो. मालक म्हणायचे, मापाचं दिलं ते गिऱ्हाईकाचं, वर टाकलं ते आपलं.

सर म्हणले, “आज्जी, खेळात वरताळा नसतो.”

मी म्हणलं, “म्हणून तर बघायला कुणी येत न्हाई.”

२० जानेवारी, मंगळवार

आज कळलं की मार्चात बीडला निवड हाय. पहिल्या दोघींना पुण्याला नेणार आणि वर्षभर तिथंच ठेवून शिकवणार. राहणं तिथंच, खाणं तिथंच.

मी म्हणलं, “पुण्याचं पाणी जड हाय.”

रुद्रेश म्हणला, “माय, तू कधी गेलतीस पुण्याला?”

“पाणी कळायला जावं लागतंय व्हय?”

रुद्रेशला पण ती जायला नको हाय. त्याला ती गल्ल्यावर पाहिजे, कारण हिचा हिशेब चुकत न्हाई आणि गिऱ्हाईकाशी गोड बोलते. मला तसलं काही न्हाई. मी फक्त पाण्याचं म्हणलं.

मंग सर आणि शिवांजली समोर इलियासच्या शेडात गेले, मी पण गेले. इलियास वेल्डिंगवाला. ट्रॉली, गेट, पिठाच्या गिरणीचा सांगाडा, तुटलेलं काहीपण जोडतो. फेकायची खुर्ची लोखंडाची लागते. मांड्या बांधायला पट्टे, डाव्या हाताला धरायला उभा दांडा, खाली जमिनीत ठोकायला खुंट्या. उंची जास्तीत जास्त पंच्याहत्तर सेंटीमीटर, गादीसकट. ‘गादीसकट’ सर दोनदा म्हणले. मी म्हणलं, गादीबिदीचं आमी बघू, तुमी लोखंडाचं बघा.

इलियास म्हणला, “अम्मा, सेंटीमीटरची फिकीर सोडा. कलर कोनता मारू ते सांगा.”

२९ जानेवारी, गुरुवार

खुर्ची आली. निळी. लोखंड सत्तर सेंटीमीटर, वर सरांनी आणलेला पाच सेंटीमीटरचा फोम. इलियासनं टेप लावून सगळ्यांना दाखवलं, जसं काय आमी जावई बघायला आलोत.

नव्या वस्तूला विभूती लावल्याशिवाय आमी वापरत न्हाई. मी तीन बोटं ओढली.

इलियास वरडला, “अम्मा! कलर ओला हाय!”

तर आता खुर्चीच्या पाठीवर तीन पांढरे पट्टे कायमचे बसलेत.

पहिलाच गोळा लांब गेला. मी टाळी वाजवली तर सर म्हणले, फाऊल. का? तर फेकताना हिचं बूड उचललं. गोळा भुईला टेकेपर्यंत बूड गादीला टेकलेलं पाहिजे, असा नियम हाय. सारा जन्म मी सुनेला सांगत आले की जरा बूड उचल. आता नातीला सांगायचं, उचलू नको. वर्षाराणी, म्हणजे माझी सून, आतून म्हणली, “मला द्या की हा खेळ.”

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र

सगळं गाव परळीला गेलं. रुद्रेश, वर्षाराणी पण. पोरगी म्हणली सराव बुडवायचा न्हाई, म्हणून मी थांबले. उपासाचं खाऊन तिनं गोळा फेकला, मी उचलून आणून दिला. तिनं फेकला, मी आणला. देवाला प्रदक्षिणा घातली असती तर एवढं चालणं झालं नसतं. देवानं ते कुठल्या खात्यावर मांडलं असेल माहीत न्हाई.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

काल रात्री वर्षाराणीनं बघितलं. पोरीच्या मांडीमागं लाल चट्टा. हिला तिथलं काही कळत न्हाई, दुखत न्हाई, म्हणून रोज आरसा धरून बघावं लागतं. मागच्या साली असाच चट्टा आलता आणि बघता बघता जखम झाली. उन्हाळाभर पोरगी पालथी पडून होती. फोम दबून पापडासारखा झालाय.

डॉक्टर म्हणले, आठवडाभर बसायचंच न्हाई.

रुद्रेश म्हणला, “बास झालं. एवढं करून मागच्यासारखं झालं तर काय करायचं? गप दुकानात बस. दुकानात बसून कुणाचं काय वाईट झालंय?”

पोरगी पालथी पडूनच बोलली, “बाबा, मागची जखम दुकानात बसूनच झालती.”

त्यावर रुद्रेश गिऱ्हाईक नसताना गिऱ्हाईक बघायला गेला.

हे सांगितलं तर शिवांजलीचा पेन थांबला. मी म्हणलं, नको वाटलं तर नको लिहू. तिनं लिहिलं.

२ मार्च, सोमवार

चट्टा गेला. देवानं मांडून ठेवलं असावं.

फोमचा भरवसा न्हाई म्हणून मी गोधडी शिवली. खुर्चीच्या मापाची, लहान पण दमदार. खाली मालकांचं धोतर, त्यावर हिचा शाळेचा निळा स्कर्ट, त्यावर रुद्रेशचा लग्नातला फेटा, वर्षाराणीच्या दोन साड्या, मंग माझं हिरवं लुगडं. चार पदर पुरले असते. सहा घातले. फेटा मोजला तर आणखी भरतील, तो घडी घालून बसवला. शिवून झाल्यावर सुतळीनं खुर्चीला पक्की बांधली.

इलियास बघून म्हणला, “अम्मा, खुर्ची हाय का तख्त?”

मी म्हणलं, “तुला रोजा हाय, जास्त बोलू नको, तहान लागंल.”

सरांना दाखवायची होती, पण त्यांची बारावीच्या परीक्षेला ड्यूटी लागलीय. थेट बीडलाच भेटणार. पोरगी बसली, फेकलं. नेहमीपेक्षा लांब गेला. मी म्हणलं, बघ, वरताळा.

८ मार्च, रविवार

आज सगळं सांगते. हात दुखला तर सांग, शिवे, थांबू.

इलियासच्या टेम्पोत मागं खुर्ची, चाकाची खुर्ची, सुतळी, हातोडा. पुढं आमी तिघं. रुद्रेश म्हणला, दुकान कोण बघणार. तेलगाव, वडवणी करत बीडला पोचलो. मी दशम्या बांधल्या होत्या. इलियाससमोर धरली, मंग आठवलं की ह्याला रोजा हाय. तो म्हणला, “अम्मा, तुमी रोज इसरता आणि रोज माजी परीक्षा होते.”

मैदानावर चाकाच्या खुर्च्याच खुर्च्या. आमच्या गावात हिची एकच हाय, म्हणून पोरं वळून बघतात. तिथं कुणी बघितलंच न्हाई. पोरीला ते लई आवडलं. मला न्हाई आवडलं, एवढी सुंदर नात हाय, बघायला काय झालं.

मंग मापवाले पंच आले. चष्मा, शिट्टी, टेप. खुर्चीच्या पाठीवरचे पांढरे पट्टे बघून म्हणले, “हे काय?”

इलियास म्हणला, “कंपनीचा शिक्का.”

पंचांनी गोधडी हातानं दाबली, टेप लावला, परत लावला. म्हणले, “आज्जी, उंची जास्त भरते.”

“किती?”

“तीन बोटं.”

“ती वर टाकलीत,” मी म्हणलं.

“चालत न्हाई.”

“घेणाऱ्यानं असं म्हणलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.”

त्यांना हसू आलं न्हाई. म्हणले, गोधडी काढा, नुसत्या लोखंडावर बसा, न्हाईतर नाव काढतो. आणखी दोघींची फेक व्हायचीय, तेवढा वेळ देतो. इथं ज्याची पाळी त्यानं सगळे गोळे एकाच बैठकीत फेकायचे असतात, म्हणून वेळ तसा होता.

सरांनी इचारलं, “आपला फोम कुठंय?”

फोमचे तुकडे करून मी भांडी घासायला घेतलेत. मी तसं सांगितलं. सर दुसरीकडं बघायला लागले.

शिवांजली म्हणली, “काढा गोधडी. बसते लोखंडावर.”

मी म्हणलं, “न्हाई.”

“आज्जी, थोडा वेळ तर बसायचंय.”

“पट्ट्यानं आवळून, वर झटका देत. चट्टा आला तर कळंल का तुला? त्या उन्हाळ्यात तू पालथी होतीस, मी न्हवते का तिथं?”

“मंग घरी जायचं का?”

आता खरं लिही. घरी जायचं का म्हणल्यावर माझ्या तोंडून लगेच ‘न्हाई’ आलं न्हाई. जरा वेळानं आलं. मी म्हणलं, “पदर काढू. एकेक काढू, ते माप घेतील. बसंल तिथं थांबू.”

पंच म्हणले, “मला हरकत न्हाई. वेळ तेवढाच.”

पण टाके मी घातलेले. माझे टाके असे निघत न्हाईत. कात्री कुणाकडं न्हाई. इलियासनं दातानं सुतळी तोडली आणि थुंकत म्हणला, “गिळली न्हाई, सगळ्यांनी बघितलंय.” तेवढ्यात एक पोरगी चाकं ढकलत आली. तलवाड्याची, हाफिजा. तिची फेक होऊन गेलती आणि तोपर्यंत तीच पहिली होती. पर्समधून नेलकटर काढून म्हणली, “दादी, हे घ्या.”

मी म्हणलं, “अगं, ही बसली तर तुझ्या वर जाईल.”

“जाऊ द्या की. कशावर बसून गेली ते तरी कळंल.”

नेलकटरनं गोधडी उसवायला बसले. पहिलं माझं हिरवं लुगडं. पंचांनी टेप लावला. मान हलवली. मंग वर्षाराणीची एक साडी. मान हलवली. दुसरी साडी काढायला घेतली. तिला फोन करून इचारायला पाहिजे होतं, पण वेळ न्हवता. एकीची फेक संपली, दुसरी बसली. ऊन डोक्यावर. माझा हात लई हळू चालत होता.

शिवांजली बघत होती. हळूच म्हणली, “आज्जी, तुझा हात रोज एवढा हळू चालत न्हाई.”

मी म्हणलं, “चष्मा.”

“चष्मा डोळ्यावर हाय.”

मी पुढचा टाका धरला. बारीक काम हाय ते.

जरा वेळानं तीच म्हणली, “पुण्याला गेले तर वही मी संगट नेणार. तू फोनवर सांगायचं, मी लिहिणार. रोज.”

“रोज काय असतंय सांगण्यासारखं?”

“आतापर्यंत काय होतं?”

मंग हात जरा चालला. बहुतेक ढग आलता.

साडी निघाली. रुद्रेशचा फेटा ओढला तर निघतच राहिला, मैदानावर लांबच लांब पसरला. हाफिजा हसून हसून पुढं वाकली. शेवटी उरला हिचा शाळेचा स्कर्ट आणि खाली मालकांचं धोतर. ते दोन्ही घडी घालून तिथल्या तिथं चार टाके घातले, अंगाला लोखंड लागू नये एवढी जाडी धरून. पंचांनी दाबलं, टेप लावला, वाकून बघितलं.

“पंच्याहत्तर.”

“वर काही न्हाई?”

“काही न्हाई.”

“बरं,” मी म्हणलं.

मालकांनी हयातीत त्यांच्या गादीवर कुणाला बसू दिलं न्हाई. भाऊ आला तरी समोर पोत्यावर बसवायचे. आज नात त्यांच्या धोतरावर बसली आणि पट्टे आवळून घेतले.

पहिला गोळा. फाऊल. बूड उचललं. दुसरा रेघेच्या बाहेर पडला. तिसऱ्याला ती दांडा धरून मागं झुकली आणि मला राहवलं न्हाई. मी वरडले, “टेक गं!”

सगळं मैदान वळून बघायला लागलं. तेवढं बरं झालं. पंच माझ्याकडं आले. “आज्जी, बाहेरून सूचना द्यायची न्हाई.”

“सूचना न्हाई, रागावतेय. घरातलं हाय.”

पण पोरगी टेकली होती. गोळा गेला. हाफिजाच्या खुणेच्या वीतभर अलीकडं पडला, बाकी सगळ्यांच्या पुढं. पुढचे गोळे त्याच्या अलीकडंच राहिले.

आता पाली गावची एक पोरगी राहिलती. दंडानं चांगली दणकट. ती फेकायला बसली, इलियासनं डोळे मिटले, सरांनी टोपी काढली. मी देवाला काही मागितलं न्हाई. काय मागावं ते ठरत न्हवतं. तिचा शेवटचा गोळा अलीकडं पडला. मंग ठरलं.

शिवांजलीनं सगळ्यांत आधी हाफिजाचा हात धरला. मंग माझ्याकडं बघितलं. मी फेटा गुंडाळत होते. बराच लांब होता.

घरी आल्याबरोबर वर्षाराणीनं आरसा धरून बघितलं. चट्टा न्हाई.

९ मार्च, सोमवार

रुद्रेशनं दुपारी पेढे आणले आणि दुकानात येईल त्याला दिले. मी बघत होते. मूठ भरून देत होता, काट्याकडं हात गेला न्हाई. फेटा कावून घेतला म्हणून इचारंल असं वाटलेलं. त्यानं इचारलं, “माय, माप लागायला शेवटी किती काढावं लागलं?”

मी म्हणलं, “तुझा फेटा, तुझ्या बायकोच्या साड्या आणि माझं लुगडं.”

तो म्हणला, “म्हणजे आपण सगळे.”

कधी कधी बरं बोलतो.

२१ मार्च, शनिवार

ईद. इलियासच्या घरून शीरखुर्मा आला. भांडं रिकामं पाठवत न्हाईत म्हणून त्यात शेंगदाणे घालून पाठवले. इलियासनं निरोप धाडला, अम्मा, खुर्ची पुण्याला जाणार तर कंपनीचा शिक्का पुसू का? मी म्हणलं, खबरदार.

५ एप्रिल, रविवार

उद्या सकाळी गाडी. पोरीनं पिशवी भरली. त्यात ही वही पण टाकली, मंग बाहेर काढली, कारण मी सांगायला बसले.

काढलेल्या पदरांची मी दुसरी गोधडी शिवली. माझं लुगडं, दोन्ही साड्या, फेटा. ही पांघरायला, हिचं माप कुणी घेणार न्हाई. हाफिजा तिथंच राहणार हाय, एकाच खोलीत. तिला पण पुरंल एवढी लांब केली.

पोरगी म्हणली, “आज्जी, तुला काही सांगायचंय का?”

मी म्हणलं, “पाणी उकळून पी.”

१२ एप्रिल, रविवार

(हे फोनवर सांगतेय. इकडं फोन रुद्रेशनं कानाला धरून दिलाय. मी म्हणलं, मला धरता येतो. तो म्हणतोय, मला पण ऐकायचंय.)

इथं काही झालं न्हाई. गल्ल्यावर वर्षाराणी बसते. हिशेब बरोबर येतो, गोड बोलणं अजून शिकायचंय. लिंबाला चऱ्हाट तसंच हाय, रुद्रेश सोडू म्हणला, मी म्हणलं राहू दे, कपडे वाळत घालू. अजून काही घातले न्हाईत.

इचारलं, पाणी कसं हाय? म्हणली, चांगलं हाय. चट्टा? न्हाई, हाफिजा आरसा धरते, मी तिला धरते. गोळा? जातोय पुढं. झोपताना? दोघी एकाच गोधडीत.

मंग माझं संपलं. तिकडं पेनचा आवाज थांबला.

ती म्हणली, “आज्जी, झालं? पुढं काय लिहू?”

“काही न्हाई. एवढंच.”

“मंग फोन कावून ठेवंना?”

मी म्हणलं, “हा वरताळा.”